निवड कोणाची?

घरात कोणाला मोठा आजार निघाला, की आपल्याकडे सर्वांत आधी एक गोष्ट घडते. माणसे हळू आवाजात बोलू लागतात. डॉक्टरांचे कागद कपाटात कपड्यांच्या घडीखाली जातात. भेटायला आलेल्या पाहुण्याला अंगणातच गाठून खुणावले जाते. रोग्यासमोर हवापाण्याच्या, पिकाच्या, लग्नकार्याच्या गोष्टी चालतात, आणि तो उठून परसात गेला की खरे बोलणे सुरू होते. ज्याच्या देहाविषयी हे सारे चाललेले असते, तो एकटाच त्या बोलण्याच्या बाहेर असतो. ह्याला आपण माया म्हणतो. मीही म्हणत असे. ती मायाच असते काय, आणि असली तरी तिला असे वागण्याचा अधिकार आहे काय, ह्या प्रश्नाने गेली दोन वर्षे माझा पिच्छा पुरवला आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर वाचायला हा विषय जड आहे, हे मी जाणतो. परंतु ह्या प्रश्नाशी माझी गाठ पडली ती भाऊबीजेच्याच दिवशी; म्हणून तो ह्या अंकात मांडण्याचे धाडस करतो.

मी आष्टीचा. वर्धा जिल्ह्यातले हे आमचे गाव १९४२ च्या ऑगस्टमधल्या लढ्यामुळे शहीद आष्टी म्हणून ओळखले जाते. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपुरतेच. शाळेत मुलांना शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. माझ्या कादंबऱ्यांतून मी पुष्कळ माणसे मारली आहेत. कोणाला क्षयाने, कोणाला विरहाने, एकाला तर वर्धा नदीच्या पुरात वाहून जाऊ दिले. त्या मरणांनी माझी झोप कधी उडाली नाही. कागदावरच्या माणसाला काय झाले आहे हे त्याला सांगावे की नाही, असा प्रश्न लेखकाला पडतच नाही. घरात पडला, तेव्हा कळले की आजवर मी मरणावर लिहिले होते ते सगळे ऐकीव होते.

माझी थोरली बहीण माझ्याहून सोळा वर्षांनी मोठी. आई लवकर गेल्यामुळे मला तिनेच वाढवले. लग्न होऊन ती गावातच राहिली, पुढे विधवा झाली. एक मुलगा आणि चार एकरांची संत्र्याची बाग एवढा तिचा संसार. २०२३ च्या पोळ्याच्या सुमारास तिचे पोट फुगू लागले. जेवण कमी होत चालले आणि पोट मात्र वाढत चालले, तेव्हा ती हसून म्हणाली, "वायू धरला असंल." ओवा झाला, हिंगाचा लेप झाला. शेवटी नागपूरला सोनोग्राफी केली, तर पोटात पाणी निघाले. मग सी. टी. स्कॅन, मग पोटातला तुकडा काढून तपासणे. घटस्थापनेच्या आधी दोन दिवस निदान हाती आले. पोटाच्या अस्तराचा कर्करोग. मेसोथेलिओमा असे त्याचे नाव.

हे अस्तर म्हणजे काय, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. पोटाच्या पोकळीला आतून एक पातळ, ओलसर, चकाकणारा पडदा असतो. तोच पडदा आतड्यांवर, जठरावर, यकृतावर गुंडाळलेला असतो. सगळा उलगडून पसरला तर अंगावरच्या कातडीएवढा भरावा, इतका तो मोठा. त्याच्यामुळेच आतडी एकमेकांवरून निसटत, न घासता हलतात. ह्या पडद्यातच उगवणारा कर्करोग फार विरळा. दहा लाखांत वर्षाकाठी एखाददुसऱ्याला होणारा. १९६० साली दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी ह्याच जातीच्या, छातीच्या अस्तराच्या कर्करोगाचा संबंध अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीशी असल्याचे दाखवून दिले. ताईच्या गोठ्यावर सिमेंटचे जुने पत्रे होते. दोन रात्री मी त्या पत्र्यांकडे शत्रूकडे पाहावे तसा पाहत होतो. डॉक्टर म्हणाले, पोटाच्या ह्या रोगात, विशेषतः बायकांमध्ये, असा संबंध पुष्कळदा सापडतच नाही. दोष ठेवायला जागा नसली म्हणजे दुःख अधिकच एकाकी होते.

डॉक्टरांनी मला एकट्याला समोर बसवून तीन वाटा सांगितल्या.

पहिली वाट मोठ्या शस्त्रक्रियेची. पोट वरपासून खालपर्यंत उघडायचे, रोग जिथे जिथे दिसेल तिथले अस्तर सोलून काढायचे, गरज पडली तर प्लीहा किंवा आतड्याचा तुकडाही काढायचा. आणि मग एकेचाळीस-बेचाळीस अंशांपर्यंत तापवलेले औषध तास-दीड तास पोटातच फिरवत ठेवायचे, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा रोगही मरावा. आठ-दहा तासांचे काम. अमेरिकेत वॉशिंग्टनचे पॉल शुगरबेकर ह्या शल्यविशारदाने ही पद्धत घडवली आणि आता ती मुंबईसारख्या शहरातही होते. २००९ साली निरनिराळ्या देशांतल्या अशा ४०५ रोग्यांचा हिशेब प्रसिद्ध झाला. त्यांतले निम्मे ५३ महिन्यांपेक्षा अधिक जगले. पाच वर्षांनंतर शंभरांतले ४७ जिवंत असावेत, असे प्रमाण निघाले. दुसऱ्या बाजूला, शंभरांतल्या ३१ जणांना शस्त्रक्रियेमुळे गंभीर त्रास झाला आणि दोघे तिच्यापायीच गेले. शिवाय हे सगळे निवडक रोगी होते. ज्यांचा रोग निघण्याजोगा आणि शरीर टिकण्याजोगे, तेच त्यात घेतलेले होते.

दुसरी वाट केमोथेरपीची. दर तीन आठवड्यांनी शिरेतून औषध. त्याने रोग मुळासकट जात नाही. काही महिने, क्वचित त्याहून अधिक काळ, तो आवरला जातो. तिसरी वाट रोगाशी न लढता त्रासाशी लढण्याची. पोटातले पाणी काढायचे, वेदना मारायची, उलटी थांबवायची आणि माणसाला त्याच्या घरात ठेवायचे.

मी तिथल्या तिथे ठरवून टाकले. शस्त्रक्रिया नको, दिवाळी झाली की औषध सुरू करू, आणि ताईला रोगाचे नाव सांगायचे नाही. "रोग्याला सांगायला हवे," असे डॉक्टर म्हणाले. मी हात जोडले. तेही भले गृहस्थ. दिवाळीपर्यंत थांबायला कबूल झाले. बाहेर येऊन मी ताईला सांगितले, "पोटाला सूज आहे. औषधाने उतरेल." तिने मान हलवली. परतीच्या एस. टी.त ती खिडकीबाहेर पाहत बसली आणि तळेगाव येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

हे मी का केले? तेव्हा मला विचारले असते तर मी म्हणालो असतो, तिला धक्का बसू नये म्हणून. आज तेवढ्यावर माझे मन मला सोडत नाही. शस्त्रक्रिया म्हणजे लाखांचा खर्च, मुंबईचा मुक्काम, बाग गहाण. ती टेबलावरच गेली तर गाव काय म्हणेल? आणि सर्वांत खाली, तळाशी, एक अगदी साधी भीती होती. ते नाव तिच्या तोंडावर उच्चारायला माझी जीभ धजत नव्हती. मी तिला धक्क्यापासून वाचवत नव्हतो, स्वतःला तिच्या चेहऱ्यापासून वाचवत होतो. आणि गंमत पाहा: आमच्या भागात ह्या रोगाचे नाव कोणाला नवीन आहे? नदीपलीकडच्या मोझरीचे तुकडोजी महाराज १९६८ साली कर्करोगानेच गेले. साऱ्या विदर्भाला ते ठाऊक होते. नागपूरचे कर्करोगाचे रुग्णालय त्यांच्याच नावाचे आहे. चावडीवर जे नाव आम्ही मोकळेपणी घेतो, ते घराच्या उंबऱ्याशी आले की आमच्या तोंडाला कुलूप लागते.

असा महिना गेला. भाऊबीज आली. ताईने नेहमीप्रमाणे पाट मांडला, रांगोळी घातली. बसायला-उठायला तिला त्रास होत होता, पण तिने कोणाला हात लावू दिला नाही. ओवाळून झाले. मी खिशातून पाकीट काढले, तशी तिने तबकावर आडवा हात धरला.

"पैसे नको टाकू, भाऊ. माह्या पोटात काय हाय ते सांग. साऱ्या आष्टीले ठाऊक हाय, मले एकटीलेच नाही."

मी सांगितले. नाव सांगितले, तीन वाटा सांगितल्या, मी परस्पर काय ठरवले होते तेही सांगितले. सांगताना तबकातल्या निरांजनाकडे पाहत होतो. ती रडेल, कोसळेल, असे मला वाटत होते. तिने पदराने माझे डोळे पुसले आणि म्हणाली, "महिनाभर एवढं एकटाच वाहत होता का रे?" ज्या धक्क्यापासून मी तिला जपत होतो तो तिने केव्हाच पचवला होता. उलट त्या महिन्यात ती आमच्या सर्वांसमोर न कळल्याचे सोंग वठवत आली होती. आजाराच्या जोडीला तिच्यावर आम्ही हेही ओझे घातले होते.

दुसऱ्या दिवशी तिने आपला निर्णय सांगितला. शस्त्रक्रिया नको. बाग मुलासाठी राहू दे. खरे सांगतो, ते ऐकून मला सुटल्यासारखे वाटले, आणि सुटल्यासारखे वाटल्याची तितकीच लाज वाटली. ती लाज झाकण्यासाठी मी मोठ्या माणसाचा आधार शोधला. म्हणालो, "बरोबर आहे तुझे, ताई. विनोबांनीही शेवटी औषध नाकारलेच की."

ताईने माझ्याकडे पाहिले. १९८२ साली ती अठरा वर्षांची होती. बाबा तिला घेऊन पवनारला गेले होते. विनोबांची अखेरची गर्दी तिने डोळ्यांनी पाहिली होती. ती म्हणाली, "विनोबाजीले का बाग इकायची होती?"

मी आजवर वाचलेल्या तत्त्वज्ञानापेक्षा ह्या एका प्रश्नाने मला अधिक विचार करायला लावला आहे. म्हणून आता थोडा १९८२ सालाकडे वळतो.

त्या वर्षी नोव्हेंबरच्या पाच तारखेला पवनारच्या आश्रमात विनोबांना हृदयविकाराचा झटका आला. उपचार सुरू झाले. तीन दिवसांनी, आठ तारखेला, त्यांनी अन्न, पाणी आणि औषध तिन्ही सोडली, आणि पंधरा तारखेला, दिवाळीच्याच दिवशी, सत्त्याऐंशीव्या वर्षी देह ठेवला. आपले काम संपले आहे, देह हे जुने वस्त्र झाले आहे, असे त्यांना वाटले आणि त्यांनी हात पसरला नाही. आमच्या वर्धा जिल्ह्याला हे मरण फार जवळचे. आजही एखादा म्हातारा औषध नको म्हणाला की कोणीतरी विनोबांचे नाव काढतोच.

त्याच वर्षी, चार महिने आधी, अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाला नेमका ताईचाच रोग निघाला. स्टीफन जे गूल्ड हे त्यांचे नाव. प्राण्यांच्या उत्क्रांतीचा अभ्यास करणारा मोठा शास्त्रज्ञ आणि त्याहून मोठा लेखक. वय चाळीस. घरात दोन लहान मुले. शस्त्रक्रियेनंतर त्यांनी आपल्या डॉक्टरीणबाईंना विचारले, ह्या रोगाविषयी काय वाचू? त्या म्हणाल्या, वाचण्यासारखे विशेष काही नाही. तिकडेही आपल्यासारखेच! चालता येऊ लागताच गूल्ड विद्यापीठाच्या वैद्यकीय ग्रंथालयात गेले आणि तासाभरात त्यांना बाईंच्या उत्तराचा अर्थ कळला. सगळी पुस्तके एकच सांगत होती: रोग बरा होत नाही, आणि निदानापासून मरणापर्यंतच्या काळाचा मध्यक आठ महिने.

मध्यक हा शब्द आमच्या शाळेच्या गणितात आहे. वर्गातली एकेचाळीस मुले उंचीप्रमाणे ओळीने उभी करा. बरोबर मधल्या, म्हणजे एकविसाव्या मुलाची उंची हा मध्यक. आता ह्या मधल्या मुलाची उंची मला कळली, म्हणून ओळीच्या शेवटच्या मुलाची कळली काय? तो त्याच्याहून बोटभर उंच असेल किंवा हातभरही असेल. गूल्ड ह्यांनी नेमका हाच विचार केला. आठ महिने हा मध्यक. म्हणजे निम्मे लोक आठ महिन्यांत जातात. पण उरलेले निम्मे? शून्य महिन्यांपेक्षा कमी कोणी जगू शकत नाही. जास्त जगायला मात्र मर्यादा नाही. म्हणजे ही ओळ उजवीकडे लांबच लांब शेपटीसारखी जात असणार. मी तरुण आहे, रोग लवकर सापडला आहे, उपचार उत्तम आहे, जगण्याची इच्छा आहे; मग मी त्या शेपटीत का नसावे? त्यांनी शस्त्रक्रियेबरोबर त्या काळी नवे आणि अजमावले जात असलेले उपचार पत्करले, त्यांचे सारे हाल सोसले आणि पुढे वीस वर्षे जगले. ह्या अनुभवावर १९८५ साली त्यांनी लिहिलेला लेख जगभरच्या कर्करोग्यांनी वाचला. २००२ साली ते गेले ते दुसऱ्याच एका कर्करोगाने. आणि त्याच वर्षी त्यांचा आयुष्यभराच्या अभ्यासाचा प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध झाला होता.

एकाच वर्षी एकाने उपचाराला हो म्हटले, एकाने नको. ह्यांतला बरोबर कोण? शूर कोण? अशी तुलना करायला आपल्याला फार आवडते. लढणाऱ्याला आपण झुंजार म्हणतो आणि नाकारणाऱ्याला विरक्त; किंवा आपला कल उलटा असेल तर लढणाऱ्याला देहलोभी म्हणतो आणि नाकारणाऱ्याला पळपुटा. मला वाटते, बरोबर दोघेही होते, आणि दोघांचेही बरोबर असण्याचे कारण एकच होते. दोघांनाही आपल्याला काय झाले आहे ते पुरते ठाऊक होते, आणि निर्णय दोघांचाही स्वतःचा होता. गूल्ड ह्यांना त्यांच्या माणसांनी सूज आहे म्हणून सांगितले असते, तर ते ग्रंथालयात गेले असते काय? आणि विनोबांना औषध कसले हेच ठाऊक नसते, तर त्यांच्या नाकारण्याला काय अर्थ उरला असता?

उपचार घ्यावा की नाकारावा, ह्याला नियम नाही, हे तर खुद्द गांधीजींच्या चरित्रातच दिसते. १९०९ साली 'हिंद स्वराज्या'त डॉक्टरी विद्येवर त्यांनी किती कडक लिहिले! पण १९२४ च्या जानेवारीत येरवड्याच्या तुरुंगात अपेंडिक्सचे दुखणे उठले, तेव्हा पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक ह्या इंग्रज शल्यविशारदाच्या हाती त्यांनी आपले पोट दिले. संमतीच्या कागदावर स्वतः सही केली. शस्त्रक्रिया चालू असता विजेचा दिवा गेला आणि कंदिलाच्या उजेडात ती पुरी झाली. ह्यात विसंगती आहे असे कोणी म्हणेल. मला त्यात एक माणूस आपल्या देहाचा निर्णय त्या वेळी जसा दिसला तसा घेताना दिसतो.

परंतु वीस वर्षांनंतरचा दुसरा प्रसंग मला इतका सोपा वाटत नाही. १९४४ च्या फेब्रुवारीत पुण्याला आगाखान पॅलेसमधल्या बंदिवासात कस्तुरबा अखेरच्या घटका मोजत होत्या. पेनिसिलिन तेव्हा नुकते आलेले आणि दुर्मिळ. देवदासांनी खटपट करून ते विमानाने कलकत्त्याहून मागवले. काही तासांच्या अंतराने सुया टोचाव्या लागतील हे कळल्यावर, शेवटच्या वेळी तिला त्रास नको, म्हणून गांधीजींनी नकार दिला. २२ फेब्रुवारीला बा गेल्या. औषधाने त्या वाचल्या असत्या असे कोणी खात्रीने म्हणू शकणार नाही, आणि पतीची माया खोटी होती असे तर मी म्हणणारच नाही. पण हा वाद एका बाजूने पती आणि दुसऱ्या बाजूने मुलगा असा झाला. जिच्या दंडात सुई जायची होती तिचा शब्द त्या वादात ऐकू येत नाही. तेव्हा त्या बोलण्याच्या स्थितीत राहिल्या नव्हत्या, हे खरे. पण आपल्या देशातल्या बायका धडधाकट असतानाही त्यांच्या देहाचे निर्णय असेच पती आणि मुलगा, भाऊ आणि दीर ह्यांच्यातच होत असतात. ह्याच बांच्या नावाने सेवाग्रामला रुग्णालय उभे आहे आणि १९६९ पासून तिथे वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याच्या दारावरून जाताना मला हल्ली नेहमी हा विचार येतो.

तेव्हा पहिली गोष्ट ही की, सत्य सांगितल्यावाचून निवड नाही. कायद्यालाही हे मान्य आहे. सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या रोग्याच्या वतीने आईनेही दिलेली संमती चालत नाही, असे २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात स्पष्ट केले. मी तर भाऊ होतो. आणि संमती नव्हे, परस्पर नकार देऊन आलो होतो.

पण ताईच्या प्रश्नाने मला दुसरी, अधिक कठीण गोष्ट दाखवली. नुसते सत्य सांगितले म्हणजे आपले कर्तव्य संपत नाही. सत्य कळल्यावरही तिने 'नको' म्हटले ते कोणाच्या तोंडून? मुलाच्या बागेच्या. विनोबांच्या तागडीत एका बाजूला जीवन होते, दुसऱ्या बाजूला शांती. ताईच्या तागडीत एका बाजूला तिचा जीव होता आणि दुसऱ्या बाजूला चार एकर संत्री. आपल्याकडच्या बायका आयुष्यभर शिळे स्वतः खातात आणि ताजे दुसऱ्याच्या ताटात वाढतात. मरणाच्या वेळीही तेच करतात, आणि आपण त्याला त्याग म्हणून हार घालतो. हा त्याग फुकटात घेणारे आपण, आपल्याला तो फार सोयीचा असतो. गरिबाच्या 'नको'ला वैराग्याचे नाव देणे ही लबाडी आहे. ती मी केली होती.

मी भाच्याला बोलावले आणि ताईने विचारलेला प्रश्न जसाच्या तसा सांगितला. पोरगा बराच वेळ मान खाली घालून बसला. मग आईजवळ जाऊन म्हणाला, "बाग मी लावीन पुन्हा. तू बागेचं नाव काढायचं नाही. बागेबिगर काय वाटते ते सांग." ताई रात्रभर जागी होती. सकाळी म्हणाली, "मंबईले जाऊ."

मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात त्यांनी तिला नीट बसवून, कागदावर पोटाचे चित्र काढून समजावले. ताईने एकच प्रश्न विचारला: "कापून सारं निघते का, का अर्धं रायते?" डॉक्टर म्हणाले, तेच आधी पाहू. लहानशा छिद्रातून दुर्बीण घालून त्यांनी आत पाहिले. लहान आतड्याच्या वेटोळ्यांवर रोग पसरला होता. सगळे काढायचे तर आतडेच उरणार नाही; आणि अर्धे काढले तर हाल पुरे आणि लाभ नाही. पहिली वाट बंद झाली. मी बाजूला जाऊन विचारले, महिनाभर आधी आलो असतो तर? त्यांनी सांगितले, एवढा पसार महिन्याभरात होत नाही. बहुधा काही फरक पडला नसता. 'बहुधा' हा शब्द ते सहज बोलून गेले. तो माझ्याजवळ राहिला आहे, आणि राहणार.

मग नागपूरला केमोथेरपीची सहा आवर्तने झाली. केस गेले, जिभेची चव गेली. पण पोटातले पाणी ओसरले आणि उन्हाळाभर ती बागेत हिंडली. पावसाळ्यात रोगाने पुन्हा डोके वर काढले. डॉक्टरांनी दुसरे औषध सुचवले, त्यापासून किती थोडी आशा आहे हेही सांगितले. ताईने ऐकून घेतले आणि नको म्हणाली. मी घाबरून तिच्याकडे पाहिले. माझ्या मनातले ओळखून ती म्हणाली, "आताचा नको माहा हाय, भाऊ. मागचा बागेचा होता."

ह्या दोन 'नको'मध्ये जे अंतर आहे तेच सांगण्यासाठी मी हा लेख लिहायला बसलो. शब्द एकच, बोलणारी तीच, रोगही तोच. पहिल्या वेळी घरातल्या सर्वांचे ओझे त्या शब्दावर होते. दुसऱ्या वेळी तो तिचा एकटीचा होता. पहिला ऐकून मी सुटकेचा श्वास टाकला होता. दुसरा ऐकून रडू आले, पण मन स्वच्छ राहिले.

तिसरी वाट म्हणजे हात टेकणे, असा आपला समज असतो. तोही चुकीचा. पाणी साचले की बारीक नळीने काढायला यायचे, वेदनेवर ठरल्या वेळी मॉर्फिन द्यायचे, कसल्या अन्नाने उलटी होत नाही ते शोधायचे, ह्यातही विद्या आहे आणि कष्ट आहेत. मॉर्फिन मिळणे पूर्वी फार कठीण होते. २०१४ साली कायदा बदलला, तेव्हापासून वाट काहीशी मोकळी झाली. मुंबईला वांद्र्याचे शांती अवेदना सदन १९८६ पासून अशाच रोग्यांसाठी चालले आहे. खेड्यापाड्यांतल्या किती घरांपर्यंत ही विद्या पोहोचली आहे, हा प्रश्न मोठ्या शस्त्रक्रियेच्या प्रश्नाहून लहान नाही. कारण शेवटी ह्या वाटेने आपणा बहुतेकांना जायचेच आहे.

कोणी विचारील, ज्याला ऐकायचेच नसेल त्याचे काय? त्याच्या कानात सत्य ओतायचे काय? मुळीच नाही. न ऐकणे हीसुद्धा एक निवड आहे. पण तीही त्याचीच असली पाहिजे. "तुम्हांला किती जाणून घ्यायचे आहे?" एवढे विचारायला काय लागते? आपण ते विचारत नाही, कारण तो "सगळे" म्हणेल ह्याचीच आपल्याला भीती असते. मला विचाराल तर रोग्याच्या माणसांची कामे तीन: विचारणे, जे विचारेल ते खरे सांगणे, आणि आपल्या पैशाचे, अब्रूचे, भीतीचे वजन त्याच्या तागडीतून शक्य तेवढे काढून घेणे. ते पुरते निघणार नाही. गरिबाच्या घरात तर नाहीच. पण निदान ते तिथे आहे हे मोकळेपणी कबूल करावे. त्यानंतर तो हो म्हणो की नको, आपण त्याच्यासोबत चालावे. पुढे चालू नये.

गेल्या भाऊबीजेला ताईने मला पुन्हा ओवाळले. खाटेवर बसूनच, पाट मी खाटेजवळ ओढून घेतला होता. आंबिया बहाराची फळे झाडांवर पिवळी पडू लागली होती, त्यातले एक भाच्याने सोलून तिच्या हातावर ठेवले. दोन फोडी खाऊन ती म्हणाली, औंदा गोडी बरी आहे. माघात ती गेली, आपल्या घरात, मुलाच्या मांडीवर. बाग विकावी लागली नाही. काही भागावर कर्ज आहे, ते आम्ही मामा-भाचे फेडतो आहोत.

यंदा आमच्या घरी ओवाळायला कोणी नाही. परंतु वाचकहो, तुमच्याकडे पाट मांडले जातील, निरांजने लागतील. तुमच्या घरात कोणी आजारी असेल आणि तुमच्या कपाटात कपड्यांच्या घडीखाली एखादा कागद दडवलेला असेल, तर ह्या सणात त्या माणसाजवळ थोडा वेळ बसा आणि त्याला काही विचारायचे आहे का, एवढे विचारा. त्याला बहुतेक ठाऊक असते. तो आपल्या बोलण्याची वाट पाहत असतो.